अतिमानवाची चलनवाढ

‘क्रिश’ या चित्रमालिकेचा चौथा भाग निघणार असून त्याचे दिग्दर्शन खुद्द नायक हृतिक रोशन हेच करणार आहेत, असे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यावर आमच्या महाविद्यालयातील मुलांनी जेवढी चर्चा केली, तेवढी त्यांनी कधी अंदाजपत्रकावर केल्याचे मला स्मरत नाही. संत्र्याचा आंबिया बहार, कापसाचा हमीभाव हे नित्याचे विषय बाजूला सारून अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने वर्तमानपत्राच्या या पानावर मुखवटाधारी नायकाची चर्चा मांडावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या करमणुकीवर सामान्य कुटुंबे आपल्या गाठीचा पैसा खर्च करतात आणि जिच्यातून बळ म्हणजे काय व दुबळेपणा म्हणजे काय यांविषयीच्या मुलांच्या कल्पना घडतात, ती या पानाला वर्ज्य असण्याचे कारण नाही. शिवाय हे लिखाण तटस्थ समीक्षकाचे नव्हे. प्रस्तुत लेखक या मालिकेचा २००३ पासूनचा चाहता आहे. चौथ्या भागाच्या वार्तेने त्याला आनंद झाला, आणि त्याच क्षणी धास्तीही वाटली. ही धास्ती कशाची, ते सांगावयाचे आहे.

मालिकेचा पहिला चित्रपट ‘कोई... मिल गया’ हा ८ ऑगस्ट २००३ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा मी एम. ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो. परग्रहावरून आलेल्या जादू नावाच्या प्राण्याचे त्या वेळी फार कौतुक झाले. पण त्या चित्रपटाचे खरे बळ त्या पाहुण्यात नव्हते. ते रोहित मेहरा या मुलात होते. जन्मापूर्वी झालेल्या अपघातामुळे ज्याच्या बुद्धीची वाढ खुंटली आहे, असा हा वयाने तरुण व मनाने बालक असलेला मुलगा सातवीच्या वर्गात बसतो. संगणकाच्या तासाला शिक्षक त्याचा पाणउतारा करतात, धट्टीकट्टी पोरे त्याची टर उडवितात, आणि त्याच्याहून कितीतरी लहान मुले तेवढी त्याला आपल्यात घेतात. हिंदी पडद्यावर असे पात्र बहुधा हशा पिकविण्यापुरते येत असे. येथे ते नायक झाले, आणि व्यावसायिक चित्रपटाच्या नायकाला शोभणारे सगळे अवसान बाजूला ठेवून हृतिक रोशन यांनी ते रंगविले. या चित्रपटाला सामाजिक प्रश्नावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे आज अनेकांच्या ध्यानातही नसेल. अतिमानवांच्या मालिकेचा उगम एका सामाजिक प्रश्नात आहे, ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. पुढील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे.

त्या चित्रपटाचा शेवट मला तेव्हाही खटकला होता. जादू आपल्या लोकी परत जातो आणि त्याने दिलेले सामर्थ्य ओसरून रोहित पूर्वीसारखा होतो. पूर्वीसारखा, पण आता प्रिय आणि मान्य. चित्रपट येथे थांबता, तर ती एक थोर कथा ठरली असती. परंतु निर्मात्यांना तेवढा धीर झाला नाही. शेवटच्या काही मिनिटांत सामर्थ्य परत येते, दांडगट मुलांची खोड मोडते आणि प्रेक्षक टाळ्या पिटीत बाहेर पडतो. मीही पिटल्या. दुबळ्याला त्याच्या दुबळेपणासह स्वीकारण्याची तयारी अखेरच्या क्षणी ढासळते ती अशी, आणि पुढील दोन्ही भागांचे बीज त्या काही मिनिटांत आहे.

दुसरा भाग ‘क्रिश’ २३ जून २००६ रोजी आला. नायक आता रोहितचा मुलगा कृष्णा. त्याला जन्मतःच सामर्थ्य आहे. ते मिळविण्याची किंवा गमावण्याची भानगड नाही. तरीही या भागाविषयी माझ्या मनात आजही ममत्व आहे, कारण त्यातील सामर्थ्याला वेसण होती. आपली शक्ती प्रकट करणार नाही, असे वचन नातवाने आजीला दिलेले असते. सिंगापुरात सर्कशीला आग लागते तेव्हा मुले वाचवावीत की वचन पाळावे, या पेचात तो एक मोडका काळा मुखवटा तोंडावर चढवितो. म्हणजे त्या मुखवट्याचा जन्म दिमाखातून नव्हे, अडचणीतून झाला. त्याच चित्रपटात क्रिस्टियन नावाचा एक तरुण आपल्या बहिणीच्या पायावरील शस्त्रक्रियेसाठी रस्त्यावर कसरती करून पैसा जमवीत असतो. क्रिशसाठी जाहीर झालेले बक्षीस त्याच्या पदरी पडावे म्हणून कृष्णा आपले नाव त्याला घेऊ देतो. संपत्तीच्या फेरवाटपाचे इतके सोपे उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडले नाही, आणि वर्गात मी ते अनेकदा वापरले आहे. त्या साली तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर फिरणाऱ्या पोरांमध्ये काळे मुखवटे दिसू लागले. शिवाजी, झाशीची राणी आणि संत गाडगेबाबा यांच्या वेषांतील मुलांच्या रांगेत क्रिशही बोजारा मागण्यास उभा राहिला.

बळ वाढते, मोल घटते

तिसरा भाग १ नोव्हेंबर २०१३ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर आला. येथे वेसण सुटली. नायक विमान सावरतो, इमारती कोसळतात, लोखंड वितळते, माणूस आणि प्राणी यांच्या संकरातून निर्माण झालेली फौज चालून येते. पडद्यावर काहीही अशक्य राहिलेले नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने काहीही थक्क करीत नाही. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत बी. ए. च्या पहिल्या वर्षाला शिकविताना आम्ही चहाच्या पेल्याचे उदाहरण देतो: पहिला पेला अमृत, तिसरा नकोसा. पण येथे केवळ तेवढेच घडत नाही. चहा तोच राहतो, मन भरते. अतिमानवाच्या बाबतीत मन भरू लागताच त्याचे बळच वाढविले जाते, आणि वाढविलेल्या बळाने मागील बळाचे मोल उतरते. याला अर्थशास्त्रात चलनवाढ म्हणतात. छापखान्यातून नोटा वाढल्या म्हणून देश श्रीमंत होत नाही. हातातील नोट तेवढी हलकी होते. जिने आगीतून एक मूल वाचविले ती २००६ मधील उडी आणि अवघे शहर वाचविणारे २०१३ मधील उड्डाण यांत पहिल्याने श्वास रोखला होता.

हा रोग मुंबईचा नव्हे, मूळचा अमेरिकेचा. जून १९३८ मध्ये तेथील चित्रकथेच्या मासिकात सुपरमॅन प्रथम अवतरला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे दोनशे मीटर, एवढी त्याची उडी. आगगाडीहून वेगवान धाव. आणि फुटणाऱ्या तोफगोळ्याखेरीज कशालाही न भेदणारी कातडी. पुढील काही दशकांत तो उडू लागला, ग्रह ढकलू लागला. इतका समर्थ झाला, की त्याला कसले संकट द्यावे हेच लेखकांना सुचेना. अखेर १९८६ साली प्रकाशकांनी जॉन बर्न या लेखक-चित्रकाराकडून त्याची कथा मुळापासून पुन्हा मांडून घेतली व त्याचे सामर्थ्य बरेच छाटले. हाताबाहेर गेलेल्या चलनाची शून्ये कापून नवे चलन काढावे, तसाच तो प्रकार होता.

असे असूनही तिसऱ्या भागाला मी टाकाऊ म्हणणार नाही, आणि येथेच चाहत्याची पंचाईत होते. त्यातील कृष्णा लोकांना वाचवीत फिरतो म्हणून त्याची एकही नोकरी टिकत नाही. आठ तास बांधलेल्या कारकुनाला वा शिक्षकाला हा विनोद बरोबर कळतो. परोपकाराची किंमत हजेरीपटावर मोजली जाते. रोगाचे विषाणू पसरवावयाचे आणि मग त्यावरील औषध विकावयाचे, हा खलनायकाचा धंदा २०१३ साली भडक वाटला होता. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसून तो पुन्हा पाहिला, तेव्हा हसू आले नाही. आणि वृद्ध रोहित! सूर्यप्रकाशाच्या शक्तीने निपचित मुलाला परत उठविताना तो स्वतः प्राण देतो. २००३ मध्ये सातवीच्या बाकावर बसलेला तो मुलगा असा संपताना पाहून चित्रपटगृहात माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी चष्मा पुसला. दहा वर्षांच्या सोबतीचे हे देणे असते. नवा चित्रपट ते निर्माण करू शकत नाही. ते मालिकेलाच शक्य असते.

भांडवलाचे भय

मग निर्माते बळच का वाढवीत सुटतात? त्यांना कथा कळत नाही, असे म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही. मोठे भांडवल गुंतले की ते अनोळखी गोष्टीला भिते. नाव ओळखीचे असले म्हणजे निम्मी जाहिरात आधीच झालेली असते, आणि म्हणून नवी कथा मागे पडून जुन्या कथेला पुढचा आकडा लागतो. मराठीतही ‘झपाटलेला’ १९९३ चा आणि त्याचा दुसरा भाग २०१३ चा. वीस वर्षांनीही तात्या विंचू हे नाव खपेल, असा हिशेब त्यामागे होता. चित्रपटाच्या धंद्यात आमच्या मुलखाला अजूनही ‘सी. पी. बेरार’ म्हणतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत कधीच इतिहासजमा झाला, विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला, पण वितरकांच्या वह्यांत ते नाव टिकून आहे. या वहीत चांदूर बाजारसारख्या गावांची जमा किरकोळ असते. पूर्वी रिळांच्या पेट्या मोठ्या शहरांत फिरून, ओरखडे घेऊन, काही आठवड्यांनी लहान गावी पोहोचत. तोवर चित्रपट चांगला की वाईट हे गावाला ठाऊक झालेले असे. आता सगळीकडे एकाच शुक्रवारी प्रदर्शन आणि तीन दिवसांत वसुली. तीन दिवसांत लोक यावेत तर जाहिरातीत मोठा स्फोट हवा. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाचे दुःख जाहिरातीच्या अर्ध्या मिनिटात मावत नाही. दोष एकट्या निर्मात्याचा नाही. पहिल्या शुक्रवारी तिकीट काढणारा माझ्यासारखा चाहता हाच त्या छापखान्याचा गिऱ्हाईक आहे.

भांडवल नसेल तर काय घडते, त्याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. यंत्रमागांच्या मालेगावात नासिर शेख यांनी गावातल्या गावात ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे सुपरमॅनही काढला. त्यांचा सुपरमॅन म्हणजे शफीक हा हाडकुळा यंत्रमाग कामगार. हिरव्या कापडासमोर त्याला आडवा धरून उडविण्याची ती खटपट फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात पाहावयास मिळते. शफीक पुढे कर्करोगाने गेला. रीमा कागती यांनी याच मंडळींवर काढलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्या अशक्त देहावरील निळ्या-तांबड्या पोशाखाने मला जे हलविले, ते कोट्यवधींच्या उड्डाणांनी हलविले नाही. त्याला खरोखरच उडता येत नव्हते.

चाकांच्या खुर्चीचा प्रवास

पण माझ्या धास्तीचे मूळ बळाच्या चलनवाढीहून खोल आहे. तिन्ही भाग ओळीने मांडून पाहावे. पहिल्यात अपंगत्व नायकाच्या ठायी आहे. दुसऱ्यात ते एका लहान मुलीच्या पायात आहे. ती मदतीस पात्र आहे, पण कथेच्या कडेला. तिसऱ्यात ते कोठे आहे? खलनायकाच्या चाकांच्या खुर्चीत! काल हा मानेखाली लुळा आहे, त्याची फक्त दोन बोटे हलतात, आणि आपल्या अपंगत्वावरील उपायाच्या शोधातच तो क्रूर झाला आहे. तो रोहितच्याच अंशापासून प्रयोगशाळेत निर्माण झालेला, म्हणजे एका अर्थी त्याचा मुलगा, आणि लहानपणी अनाथाश्रमात टाकलेला. चित्रपटाला एवढे ठाऊक असूनही त्याला त्याची कणव येत नाही. जो रोहित स्वतः हिणवला गेला होता, त्याच्या कथेतच लुळ्या देहाला दुष्टाव्याची खूण करावी, हे मला २०१३ मध्ये सहन झाले नाही आणि आजही होत नाही.

यावर ‘अहो, एवढे काय मनावर घेता, पोरांचा चित्रपट आहे’ असे म्हणणारे भेटतात. पोरांचा आहे, म्हणूनच मनावर घ्यावयाचे. ज्याने १९७८ मध्ये पडद्यावर सुपरमॅन साकारला, तो ख्रिस्टोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. श्वासासाठी यंत्र लागणाऱ्या त्या माणसाने खुर्चीत बसून चित्रपट दिग्दर्शित केला आणि २००४ साली मृत्यू येईपर्यंत मज्जारज्जूच्या संशोधनासाठी निधी जमविला. चाकांच्या खुर्चीतील माणसाचे हे चित्र जगासमोर असताना आमच्या लेखकांना दुसरेच सुचले.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार २ कोटी ६८ लाख व्यक्ती दिव्यांग आहेत, आणि त्यांतील २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत. ही मोजणी सात-आठ प्रकारांपुरती होती. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले, तेव्हा खरा आकडा मोठा असणार. ज्या घरी बौद्धिक दिव्यांग मूल आहे, तेथील आईबापांना एकच प्रश्न रात्री झोपू देत नाही: ‘आमच्या माघारी याचं कसं होईन?’ आमच्या वऱ्हाडी बोलीतील हा प्रश्न मी एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांचा मुलगा तिशीचा आहे आणि रोज संध्याकाळी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारतो. अशा मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे कायद्याने आईबापही त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. ही साधी बाबदेखील पुष्कळ सुशिक्षित घरांना ठाऊक नसते.

‘पुढे काय?’ हाच तो प्रश्न, आणि कोणत्याही कथेच्या दुसऱ्या भागाचाही तोच प्रश्न असतो. चांदूर बाजारहून परतवाड्याकडे निघून पुढे वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांचे बालगृह आहे. टाकून दिलेल्या, अनाथ व दिव्यांग अशा शंभरावर मुलांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. अठरा वर्षांनंतर बालगृह सोडावे, हा नियम अशा मुलांना लागू करू नये, त्यांना हक्काचे घर आजन्म मिळावे, यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे झगडा मांडला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तेथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. पहिल्या भागात कचऱ्यात सापडलेली अर्भक आणि दुसऱ्या भागात शासकीय लिपिक! यात एकही स्फोट नाही. मला वाटते, रोहित मेहराच्या कथेला जो दुसरा भाग मिळावयास हवा होता, तो या धर्तीचा होता: जादू निघून गेल्यावरचा, आई थकल्यावरचा, नोकरी शोधणारा रोहित.

चौथ्या भागाची वार्ता आली तेव्हा एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, जादू वापस येईन का?’ त्या मुलाचा जन्म पहिल्या चित्रपटानंतरचा आहे. त्याने तो दूरदर्शन संचावर तुकड्यातुकड्यांनी पाहिला. त्यालाही उड्डाणे नकोत, जादू हवा, याने मला थोडा धीर आला. सामर्थ्य काढून घेऊन कथा सांगता येते, हे सुपरमॅनच्याच दुसऱ्या चित्रपटाने १९८० मध्ये दाखविले होते. तेथे नायक प्रेमापायी आपली शक्ती सोडतो आणि एका सामान्य खानावळीत मार खातो. कृष्णाने एकदा तसा मार खावा. आता लेखणी आणि दिग्दर्शन यांच्या जवळ स्वतः हृतिक रोशन आहेत. रोहितची ती बावरलेली चाल ज्यांनी शोधली, त्यांना ती विसरता येणार नाही, अशी आशा मला आहे. चित्रपट कसाही निघाला तरी पहिल्या आठवड्यात अमरावतीला जाऊन मी तो पाहणार, हेही येथे लपवीत नाही.

निर्मात्यांकडे एक मागणी मात्र आजच नोंदविता येते, आणि ती कथेवर अवलंबून नाही. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. कर्णबधिरांसाठी पडद्यावर संवादांचे शब्द आणि दृष्टिहीनांसाठी दृश्यांचे ध्वनिवर्णन असावे, असे त्यांत म्हटले आहे. ‘क्रिश’च्या चौथ्या भागात या दोन्ही सोयी पहिल्या खेळापासून असाव्यात; केवळ मुंबई-पुण्याच्या पडद्यांवर नव्हे, सी. पी. बेरारच्याही. आणि चाकांची खुर्ची दारापासून आसनांच्या रांगेपर्यंत नेता यावी एवढा उतरता रस्ता प्रदर्शकांनी बांधावा. त्याला लागणारे सिमेंट दोन-चार पोत्यांहून अधिक नाही.